शिकार : पोटासाठी आणि दिवाणखान्यासाठी

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिबिया या देशाच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ७२३ वन्य प्राणी मारण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांत ८३ हत्ती, ३० पाणघोडे, ६० रानरेडे, ३०० झेब्रे, १०० इलंड, १०० विल्डबीस्ट आणि ५० इम्पाला हरणे यांचा समावेश होता. कित्येक दशकांत पडला नव्हता असा दुष्काळ त्या देशावर कोसळला होता. मे महिन्यातच आणीबाणी पुकारली गेली होती, धान्याची कोठारे रिती होत आली होती आणि जवळजवळ निम्म्या लोकसंख्येपुढे अन्नटंचाई उभी होती. मारलेल्या प्राण्यांचे मांस दुष्काळग्रस्तांत वाटले जाईल, असे सरकारने सांगितले. घोषणा झाली तेव्हाच दीडशेहून अधिक प्राणी मारून झाले होते आणि ५६ हजार किलोंहून अधिक मांस हाती आले होते. पुढच्याच महिन्यात शेजारच्या झिंबाब्वेने २०० हत्ती मारण्याचा मनोदय जाहीर केला.

या बातम्यांनी युरोप-अमेरिकेत खळबळ उडाली, निषेधाची पत्रके निघाली. परंतु याच नामिबियात दरवर्षी परदेशी पाहुणे परवाना घेऊन, शुल्क भरून हत्ती, बिबटे आणि क्वचित गेंडेही मारतात. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात एका शिकारी मंडळाने नामिबियातील एक काळा गेंडा मारण्याच्या परवान्याचा लिलाव पुकारला. साडेतीन लाख डॉलरांची बोली लागली आणि मे २०१५ मध्ये तो गेंडा मारला गेला. एक मृत्यू भुकेल्यांच्या ताटासाठी, दुसरा कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यातील भिंतीसाठी. सामान्य माणसाची सदसद्विवेकबुद्धी या दोहोंत तत्काळ भेद करते. पहिल्याबद्दल तिला खेद वाटतो, दुसऱ्याबद्दल चीड येते. प्रश्न असा आहे की, हा भेद खरा किती, तो कशावर उभा आहे आणि एखाद्या देशाचे धोरण पेलण्याइतका तो भक्कम आहे काय?

हेतूचा निकष

प्राण्याच्या दृष्टीने पाहिले तर भेद शून्य आहे. गोळी कोणत्या हेतूने सुटली याच्याशी मरणाऱ्या हत्तीला कर्तव्य नसते. तथापि नीतीचा विचार हा मारणाऱ्याचा विचार असतो आणि तेथे हेतूला मोल आहे. भुकेल्या माणसाला प्राण्याचा मृत्यू हवा नसतो, मांस हवे असते. उद्या धान्याची गाडी गावात आली तर तो भाला खाली ठेवील. त्याच्या लेखी मृत्यू हे साधन आहे आणि ते बदलता येते. ट्रॉफीसाठी शिकार करणाऱ्याचे तसे नाही. त्याला सिंहाचे छायाचित्र पुरत नाही, सिंहाचा सहवासही पुरत नाही. सिंह त्याच्याच हातून मेला पाहिजे, त्याखेरीज साऱ्या खटाटोपाला अर्थच उरत नाही. येथे मृत्यू हाच खरेदीचा विषय असतो. सामान्य माणसाला येणारी चीड याच जाणिवेतून येते आणि ती भाबडी म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही.

दुसरा भेद निवडीचा आहे. पोटासाठी शिकार करणारा विपुल असेल आणि सहज सापडेल ते सावज पत्करतो. ट्रॉफीवाल्याची नजर सर्वांत लांब सुळ्यांवर, सर्वांत दाट आयाळीवर, सर्वांत भारदस्त शिंगांवर असते. लांडगा किंवा सिंह कळपातील दुबळा हेरतो, हा शिकारी नेमका सबळ हेरतो. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाच्या डोंगरावरील रानमेंढ्यांचा तीस वर्षे अभ्यास झाला. मोठ्या शिंगांचे नर वेचून मारले गेल्याने पुढच्या पिढ्यांतील शिंगेच आखूड होत गेली, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. सिंहांच्या बाबतीत परिणाम आणखी थेट असतो. कळपाचा प्रमुख नर मारला गेला की नवा नर येतो आणि आधीच्या नराची पिल्ले बहुधा मारून टाकतो. एका मुंडक्याची किंमत अशी अनेक जीवांनी मोजली जाते.

जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानालगत 'सेसिल' नावाचा सिंह मारला गेला, तेव्हा हा सारा विषय जगाच्या चव्हाट्यावर आला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधून वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवला होता. एका अमेरिकी दंतवैद्याने सुमारे पन्नास हजार डॉलर मोजून त्याच्यावर धनुष्यबाण चालवला. सिंह घायाळ झाला आणि काही तासांनी त्याला ठार करण्यात आले. पुढे झिंबाब्वे सरकारनेच सांगितले की, शिकाऱ्याची कागदपत्रे ठीक होती, त्याच्यावर खटला भरता येत नाही. लोकांच्या संतापाचे कारण बेकायदेशीरपणा हे नव्हतेच. कायदेशीर असूनही ते कृत्य लोकांना किळसवाणे वाटले, ही त्या प्रकरणातील खरी लक्षणीय गोष्ट होय.

हेतूवर आधारलेला भेद कायद्यात उतरवण्याचा प्रयत्नही झाला आहे. युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या कातड्याच्या व्यापारावर बंदी घातली. मात्र उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक उदरनिर्वाहासाठी जी परंपरागत शिकार करतात, तिला सूट दिली. कॅनडा आणि नॉर्वे या देशांनी तक्रार केली तेव्हा जागतिक व्यापार संघटनेने २०१४ मध्ये सूट देण्याच्या तपशिलात दोष काढले. परंतु सार्वजनिक नीतिमत्तेच्या कारणास्तव अशी बंदी घालता येते, हे तत्त्व मान्य केले. कागदावर भेद टिकला. प्रत्यक्षात मात्र सीलच्या कातड्याची बाजारपेठच कोसळली आणि सूट मिळालेल्या इन्युइटांच्या कातड्यांनाही गिऱ्हाईक उरले नाही. कायदा हेतू तपासू शकतो, बाजार हेतू तपासत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

भूकही निष्पाप नाही

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खाण्यासाठी केलेली शिकार ती निर्दोष, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत प्रवासी कबुतरे एके काळी अब्जावधींच्या संख्येने होती. त्यांचे थवे उडू लागले की आकाश झाकोळून जाई. ही कबुतरे कोणी भिंतीवर टांगण्यासाठी मारली नाहीत. ती जाळ्यांनी धरली गेली, पिंपांत भरून रेल्वेने शहरांच्या बाजारांत गेली आणि खाल्ली गेली. जंगलांची तोडही त्यांच्या मुळावर आली. त्या जातीची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. आज मध्य आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यातील वानरे, हरणे आणि साळिंदरे यांच्यावरील संकटही मांसाच्या व्यापारातूनच आले आहे. खेड्यातील पारध्याच्या घरची चूल पेटावी एवढ्यापुरती ही शिकार राहिलेली नाही. लाकूडतोडीसाठी बांधलेल्या रस्त्यांवरून ते मांस शहरांकडे जाते आणि तेथे ते गरजेपेक्षा चोचल्याचा पदार्थ होते.

भारतातही याचे उदाहरण आहे. नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या परिसरात सैबेरियाकडून आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे दर हिवाळ्याच्या तोंडी उतरतात. २०१२ मध्ये तेथे हजारो ससाणे जाळ्यांत पकडून विक्रीसाठी नेले जात असल्याचे उघडकीस आले. देशभर गहजब झाला. परंतु पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. गावपंचायती, चर्च आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी एकत्र बसून निर्णय घेतला आणि २०१३ च्या हंगामात ही शिकार थांबली. शिकार करणारे खलपुरुष नव्हते. चार पैसे मिळत होते म्हणून ते जाळी लावत होते आणि त्यांना विश्वासात घेतल्यावर त्यांनीच ती काढली.

तेव्हा 'पोटासाठी' या शब्दातही दोन अर्थ दडलेले आहेत. एक स्वतःच्या पोटासाठी, दुसरा बाजाराच्या पोटासाठी. पहिल्याला भुकेची मर्यादा असते, दुसऱ्याला मर्यादा नसते. महाभारताच्या वनपर्वात या विवेकाची एक विलक्षण कथा आहे. द्वैतवनात राहणारे पांडव शिकारीवर निर्वाह करीत होते. एके रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणे आली आणि, आता आमच्यातील बीजापुरतेच उरले आहेत, तुम्ही दुसरीकडे जा म्हणजे आमचे कुळ वाढेल, असे त्यांनी विनवले. सकाळी उठून युधिष्ठिराने भावांना ते सांगितले आणि पांडव काम्यकवनाकडे निघाले. वनवासातील या माणसांची गरज खरी होती. तरीही गरजेला सीमा आहे हे त्यांनी मानले. त्याच ग्रंथाच्या आदिपर्वात पंडू राजा मृगरूप धारण केलेल्या ऋषीला मारतो आणि मृगया हा राजाचा अधिकारच आहे असा युक्तिवाद करतो, तेव्हा त्याच्या वाट्याला शाप येतो. प्राचीनांनी मृगयेची गणना राजाच्या व्यसनांत केली ती काही उगीच नव्हे.

ट्रॉफीच्या समर्थकांचे म्हणणे

ट्रॉफी-शिकारीचा समर्थक म्हणजे केवळ रक्तपिपासू धनिक अशी समजूत करून घेतल्यास वादाचा निम्मा भाग नजरेआड होतो. तिचे सर्वांत गंभीर समर्थक आफ्रिकेतील खेडी आणि त्यांची सरकारे आहेत. स्वातंत्र्यानंतर नामिबियाने १९९६ मध्ये कायदा दुरुस्त करून ग्रामसमूहांना आपापल्या भूभागातील वन्य प्राण्यांचे व्यवस्थापन करण्याचा आणि त्यांपासून उत्पन्न मिळवण्याचा हक्क दिला. आज अशी ८६ संरक्षित सामूहिक क्षेत्रे असून त्यांनी देशाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापला आहे. गोऱ्यांच्या राजवटीत वन्य प्राणी सरकारचे आणि त्यांनी केलेले नुकसान मात्र गावकऱ्यांचे, अशी वाटणी होती. ती या कायद्याने मोडली. परदेशी शिकाऱ्याने भरलेले शुल्क गावाच्या निधीत जाते. त्यातून राखणदारांचे पगार होतात. तो शिकारी सुळे आणि मुंडके घेऊन जातो आणि हत्तीचे मांस गावात वाटले जाते.

हा शेवटचा तपशील नीट तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्यामुळे प्रारंभी मांडलेला भेदच डळमळतो. एकाच हत्तीचे सुळे दिवाणखान्यात आणि मांस चुलीवर गेले, तर ती शिकार कोणत्या प्रकारात मोडते? शिकाऱ्याचा हेतू ट्रॉफीचा आहे, गावाचा हेतू पोटाचा आहे आणि गोळी एकच आहे. हेतूचा निकष येथे निर्णय देऊ शकत नाही. कारण हेतू दोन आहेत. अशा वेळी हेतूपलीकडे जाऊन विचार करणे भाग पडते.

बोट्स्वानाचा अनुभवही बोलका आहे. जगातील कोणत्याही देशापेक्षा अधिक, म्हणजे सुमारे एक लाख तीस हजार हत्ती तेथे आहेत. माणसांची संख्या चोवीस लाखांच्या आसपास आहे. २०१४ मध्ये त्या देशाने ट्रॉफी-शिकारीवर बंदी घातली आणि जगाने टाळ्या वाजवल्या. २०१९ मध्ये बंदी उठवली गेली. हत्तींनी तुडवलेली शेते, मोडलेली कुंपणे, मारली गेलेली माणसे आणि बुडालेले उत्पन्न यांविषयी ग्रामीण भागातून आलेल्या तक्रारी हे त्याचे एक प्रमुख कारण होते. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रतिनिधिगृहाने शिकारीच्या ट्रॉफींची आयात बंद करणारे विधेयक संमत केले. ते पुढे उमरावांच्या सभागृहात अडले. जर्मनीतही आयातीचे नियम कडक करण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा बोट्स्वानाच्या एका मंत्र्याने मार्च २०२४ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये दहा हजार हत्ती पाठवून देण्याची तयारी दाखवली, तर तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मसीसी यांनी एप्रिलमध्ये जर्मनीला वीस हजार हत्ती देऊ केले आणि आम्हांला सांगता तसे त्यांच्याबरोबर राहून दाखवा, अशा आशयाचे आव्हान दिले. त्या विनोदामागे एक जळजळीत प्रश्न होता. हत्ती वाचवण्याचे पुण्य कोणाचे आणि हत्ती सोसण्याचे ओझे कोणाचे?

केवळ बंदीने प्राणी वाचतात असेही नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली. त्यानंतरच्या चार दशकांत तेथील अनेक वन्य प्राण्यांची संख्या सरासरीने सुमारे दोनतृतीयांश घटली, असे २०१६ च्या एका विस्तृत अभ्यासात आढळले. अर्थात ही घट बंदीमुळे झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. वाढती लोकसंख्या, गुराढोरांचे कळप, कुंपणे, चोरटी शिकार आणि बदलते हवामान ही तिची कारणे आहेत. परंतु ही कारणे ट्रॉफीवाल्याच्या बंदुकीहून अधिक संहारक आहेत आणि बंदीचा कायदा त्यांना हात लावू शकत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. शिकाऱ्याने मोजलेल्या रकमेपैकी गावापर्यंत किती पोहोचते, हे त्या त्या देशाच्या कारभारावर अवलंबून असते. संयोजक, दलाल आणि अधिकारी यांच्या हातांतून झिरपत ती गावाच्या वेशीपर्यंत येते, तेव्हा तिचा ओघ कित्येकदा आटलेला असतो. दक्षिण आफ्रिकेत तर या धंद्याने अत्यंत ओंगळ रूप धारण केले. तेथे आठ हजारांहून अधिक सिंह बंदिस्त आवारांत वाढवले जात असल्याचा अंदाज आहे. त्यांतील काही पळून जाण्याची वाट नसलेल्या कुंपणात गिऱ्हाइकापुढे सोडले जातात. येथे ना रानाचे रक्षण आहे, ना शिकारीचे कौशल्य. हा कत्तलखाना आहे आणि तेथून मांसाऐवजी आयाळ विकली जाते. त्या देशाच्या सरकारने नेमलेल्या समितीनेही २०२१ मध्ये हा व्यवसाय बंद करण्याची शिफारस केली.

भारताच्या भिंतींवरील मुंडकी

हा वाद आफ्रिकेचा आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे भारतीय वाचकास वाटेल. परंतु भारत या वाटेवरून आधीच चालून गेला आहे. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. १९३८ मध्ये भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या अधिपतींनी एकाच रात्री तीन चित्ते मारले. भारतातील रानटी चित्त्यांची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. स्वातंत्र्यानंतर संस्थानिकांच्या जागी शिकारीच्या सहली काढणाऱ्या कंपन्या आल्या आणि परदेशी पाहुण्यांना डॉलरांच्या मोबदल्यात वाघ मिळू लागला. परकीय चलनाचा जो युक्तिवाद आज आफ्रिकेत केला जातो, तो तेव्हा दिल्लीतही केला जात होता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या वर्षीच्या गणनेत वाघांची संख्या १,८२७ भरली. २०२२ मध्ये ती सरासरी ३,६८२ असल्याचा अंदाज आहे. दोन्ही गणनांच्या पद्धती भिन्न असल्या तरी वाघ तगला, हे निर्विवाद आहे.

दैवदुर्विलास असा की, सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात जे आठ चित्ते आणून सोडण्यात आले, ते नामिबियाचे होते. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारानुसार त्याच नामिबियाला वर्षाला दीडशे चित्ते, जिवंत अथवा ट्रॉफीच्या रूपात, बाहेर पाठवण्याची मुभा १९९२ मध्ये मिळाली होती. जेथे शिकारीला परवाना आहे तेथे चित्ता टिकला आणि जेथील राजेरजवाड्यांनी त्याला निर्बंधावाचून मारले तेथे तो संपला. यातून परवान्याचे समर्थन होत नाही. परंतु भारताने आफ्रिकेला उपदेश करताना आवाज थोडा खाली ठेवावा, एवढे मात्र निघते.

भारताच्या कायद्याने पोटाची आणि दिवाणखान्याची अशा दोन्ही शिकारी बंद केल्या. वरवर पाहता ही समता आहे. परंतु ती दोघांना सारखी लागली काय? कोल्हापूरसारख्या संस्थानांत पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे, तेव्हा रानाची खडान्खडा माहिती असलेले फासेपारधी दरबाराच्या उपयोगी पडत. १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या 'गुन्हेगार जमाती'च्या नोंदींत हीच जमात आली. १९५२ मध्ये तो शिक्का पुसला गेला आणि पुढे फास लावून तितर धरणे हाच गुन्हा ठरला. दुसरीकडे, कायद्यापूर्वी मिळवलेली मुंडकी आणि कातडी रीतसर जाहीर करून मालकीचा दाखला घेण्याची सोय त्याच कायद्यात ठेवण्यात आली. परिणामी राजवाड्याच्या भिंतीवरचा वाघ कायदेशीर राहिला आणि पारध्याच्या झोळीतला तितर बेकायदेशीर झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. परंतु शिकारीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. गडचिरोलीच्या रानांतील सामुदायिक पारध आणि महाराजांचा हाका या दोन्ही गोष्टी कायद्याच्या लेखी एकच ठरल्या.

याचा अर्थ शिकार पुन्हा खुली करावी असा नव्हे. भारतातील उरलेल्या रानांचा आकार आणि माणसांची दाटी पाहता तसे करणे आत्मघातकी होईल. परंतु ज्यांचा उपजीविकेचा मार्ग देशाच्या भल्यासाठी बंद केला, त्यांना देशाने दुसरा मार्ग बांधून द्यायला हवा होता. तो पुरेसा दिला गेला नाही, हे पारध्यांच्या पालांकडे पाहिले म्हणजे कळते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे मरतात, रानडुकरांनी एका रात्रीत झोपवलेले पीक कोकणापासून विदर्भापर्यंतचा शेतकरी मुकाट्याने पाहतो आणि भरपाईच्या अर्जासाठी कचेरीचे उंबरे झिजवतो. मुंबई-पुण्याच्या प्राणिप्रेमी नागरिकाचे चंद्रपूरच्या गुराख्याशी असलेले नाते आणि लंडनच्या नागरिकाचे बोट्स्वानाच्या शेतकऱ्याशी असलेले नाते यांत अंतराखेरीज फारसा फरक नाही.

तीन कसोट्या

या सर्व ऊहापोहातून काही कसोट्या हाती लागतात. पहिली कसोटी गरजेची. मारल्यावाचून भागत नाही अशी स्थिती आहे काय आणि गरज संपल्यावर हात थांबणार आहे काय? दुसरी कसोटी मर्यादेची. मारले जाणारे प्राणी त्या जातीला पेलतील इतकेच आहेत काय आणि ते कोणी मोजले आहे? तिसरी कसोटी अधिकाराची. त्या प्राण्याच्या सहवासाचे ओझे जे वाहतात, त्यांचा या निर्णयात वाटा आहे काय? नामिबियाची दुष्काळातील शिकार पहिल्या कसोटीवर उतरते. तीही दुष्काळ सरला की थांबली पाहिजे. हत्तीचे मांस हा धान्यपुरवठ्याचा कायमचा पर्याय होऊ शकत नाही आणि दुष्काळाचे निमित्त करून कळप कमी करण्याचा मोह झाला तर ती कसोटी उलटेल. दक्षिण आफ्रिकेचा बंदिस्त सिंह कोणत्याच कसोटीवर टिकत नाही. प्रवासी कबुतरांची कत्तल खाण्यासाठी होती, तरी दुसऱ्या कसोटीवर ती कोसळते.

गावाच्या संमतीने, मोजून-मापून दिलेला ट्रॉफीचा परवाना दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीवर कदाचित उतरेल. पहिल्या कसोटीवर तो शिकाऱ्याच्या बाजूने कधीच उतरणार नाही. गावाची गरज खरी असते, पैसे मोजणाऱ्याची नसते. म्हणून अशा शिकारीस अपरिहार्य तडजोड म्हणता येईल, सत्कृत्य म्हणता येणार नाही. मृत्यूचा दागिना करून मिरवण्यात जे हीन आहे, ते शुल्काच्या पावतीने उदात्त होत नाही. रान राखायचे असेल तर त्यासाठी देणगी देता येते. आधी मारण्याचा हक्क द्या, मग रक्षणाचे पैसे देतो, असे म्हणणाऱ्याला संरक्षक ही पदवी देण्याचे कारण नाही.

परंतु ही तडजोड मोडण्याचा हक्क कोणाला आहे, याचेही उत्तर त्याच कसोट्यांत आहे. जो देश ट्रॉफीची आयात बंद करतो, त्याने त्या शुल्कापोटी गावाला मिळणारी रक्कम भरून देण्याची तयारी ठेवली पाहिजे. राखणदारांचा पगार, मोडलेल्या कुंपणाची दुरुस्ती आणि मेलेल्या माणसाच्या कुटुंबाचा निर्वाह यांचा हिशेब त्याने उचलला पाहिजे. बंदी हवी असेल तर ही किंमत मोजून घ्यावी, तिला कोणी आक्षेप घेणार नाही. फुकटची बंदी ही दुसऱ्याच्या शेतावर आपली दया जोपासण्याचा प्रकार आहे. हा हिशेब लंडन-बर्लिनला जसा लागू आहे तसाच तो दिल्ली-मुंबईलाही आहे. नामिबियाच्या दुष्काळात हत्ती कापून मांस वाटावे लागले, याची लाज त्या भुकेल्या लोकांना वाटण्याचे कारण नाही. धान्य वेळेवर पोहोचवू न शकलेल्या जगाला ती वाटली, तर निषेधाच्या पत्रकांना काही अर्थ येईल.